अष्टमीची पाहणी : खाडीकाठच्या एका पाखाडीच्या दाव्याचा अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वादीतर्फे चालवलेल्या दाव्याची ही हकिकत. गाव, खाडी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे मात्र जसे उभे राहिले तसेच दिले आहेत. ज्यांच्या घरची वाट दुसऱ्याच्या आवारातून जाते अशी कुटुंबं कोकणात फार. त्यांनी आणि नव्याने वकिली सुरू केलेल्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाटेचा दावा निकालाच्या दिवशी ठरत नाही. तो पहिल्या काही आठवड्यांत ठरतो. काय मागितलं, कुठल्या हक्काने मागितलं आणि जागेवरची परिस्थिती कोणी कधी कागदावर आणली, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

पार्श्वभूमी

खाडीच्या उतारावर दोन लगतची ठिकाणं, म्हणजे घर-बागेच्या जमिनी. वरचं रस्त्याला लागून, खालचं खाडीकडे. मूळ मालक एकच. १९५०च्या दशकात भाऊवाटप झालं, तसा फेरफार आहे आणि पोटहिस्से पडले. खालच्या ठिकाणात माझ्या अशिलाचं घर, थोडं आगर आणि हापूसची कलमं. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काकी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, यजमान वारलेले, मुलगा विरारला. घरापासून रस्त्यापर्यंत जुन्या चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, रुंदी साधारण चार फूट, आणि ती वरच्या ठिकाणाच्या मधोमध, त्यांच्या अंगणाच्या कडेने जाणारी.

वरचे भाऊबंद मुंबईला स्थायिक झाले. घर गणपतीला उघडायचं तेवढंच. पुढे वारसांनी मिळून ते ठिकाण पुण्याच्या एका गृहस्थांना विकलं. खरेदीखतात वाटेचा उल्लेख नाही, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद नाही. त्यांच्या वकिलांनी कागद पाहिले, कागद स्वच्छ निघाले. खरेदीदाराला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या. त्याला खलनायक समजू नये. आपल्या अंगणातून दिवसभर लोकांची ये-जा चालणार, हे त्याला विकणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं.

अडचण

मोहोर धरला होता, फवारणी चालू होती, तेव्हा पाखाडीच्या खालच्या टोकाला सिमेंटमध्ये चिऱ्याची भिंत उभी राहिली आणि वरच्या टोकाला लोखंडी गेट बसून त्याला कुलूप लागलं. काकींकडे उरली खाडीच्या बांधावरची वाट. ती वळसा घालून जाते आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली असते.

मुलगा आधी पोलीस ठाण्यात गेला. तिथे अदखलपात्र नोंद झाली आणि 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' असं उत्तर मिळालं. उत्तर चुकीचं नव्हतं. मग ते माझ्याकडे आले. काकींचा पहिला प्रश्न असा होता, "काय वो साहेब, वाट ती वाट. तिला कागद कशाला लागतो?"

कुठल्या दारात जायचं

पहिला पर्याय तहसीलदार. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतजमिनीकडे जाणाऱ्या रूढीच्या वाटेला कोणी हरकत केली तर तहसीलदार मनाई करू शकतात. अट अशी की हरकत झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा. आम्ही मुदतीत होतो. चौकशी थोडक्यात होते, खर्च कमी. पण हा अधिकार शेतीच्या वाटेचा. इथे वाट घराचीही होती, आणि 'घरासाठी नाही, फक्त कलमांसाठी' असा अर्धा हुकूम हातात आला असता तर पाहुणा, डॉक्टर, गॅसचा सिलिंडर यांचं काय? शिवाय त्या निर्णयावर वर पुनरीक्षण, आणि हक्काचा प्रश्न शेवटी दिवाणी कोर्टातच.

दुसरा पर्याय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. तो बांधावरून नवी वाट मागण्याचा मार्ग आहे. आमची वाट जुनी होती. तिथे गेलो असतो तर 'जुनी वाट नव्हतीच म्हणून नवी मागता' हे वाक्य समोरच्याला आयतं मिळालं असतं.

तिसरा पर्याय मुलाने सुचवला. खरेदीदाराचं बांधकाम भरतीरेषेच्या जवळ आहे, तेव्हा सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांखाली, तक्रार करा, म्हणजे तो आपोआप नरमेल. हे हत्यार कोकणात हल्ली सर्रास उपसलं जातं. मी नको म्हटलं. एक तर भरतीरेषा मोजायची झाली की काकींची नवी न्हाणी आणि संडासही त्याच टेपात येत होते. दुसरं, अशा तक्रारीने माणूस नरमत नाही, ईर्ष्येला पेटतो. आणि तडजोडीची शक्यता मला तेव्हाच दिसत होती.

राहिला दिवाणी दावा. नुसत्या कलमांच्या बागेचा प्रश्न असता तर मी तहसीलदारांकडेच गेलो असतो. घर होतं म्हणून कोर्ट निवडलं.

दावा काय म्हणून लिहायचा

मुलाचा आग्रह, 'पाखाडी आमच्या मालकीची' असंच लिहा. हा मोह प्रत्येक अशिलाला होतो. पण सुविधाधिकार, म्हणजे जाण्यायेण्यासारखा वापराचा हक्क, दुसऱ्याच्या जमिनीवर असतो. स्वतःच्या जमिनीवरून जायला सुविधाधिकार लागत नाही. मालकी सांगितली की वहिवाटीचा हक्क हातचा जातो, आणि मालकीला इथे एक चिठोराही नव्हता.

म्हणून भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ची दोन कलमं पर्यायी म्हणून घेतली. कलम १५ : पूर्ण वीस वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्काने, खंड न पडता वापर. कलम १३ : एकाच मिळकतीचं वाटप झालं आणि एका हिश्श्याला दुसऱ्यातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून गरजेचा हक्क. दोन्हींत धोका होता. कलम १५ मध्ये 'हक्काने' सिद्ध करावं लागतं, परवानगीने केलेला वापर कितीही वर्षांचा असला तरी चालत नाही. कलम १३ मध्ये सोय पुरत नाही, खरी गरज लागते, म्हणजे दुसरी वाट असेल तर हक्क नाही. आमच्या बाबतीत दुसरी वाट होती आणि नव्हतीही, दिवसाच्या वेळेवर अवलंबून.

मुदतीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण गणपतीला गावी आल्यावर बघू म्हणून लोक थांबतात. कलम १५ ची वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी हवीत. आणि कोणी अडवल्याचं कळूनही वर्षभर निमूट सोसलं तर कायद्याच्या दृष्टीने वापरात खंड पडतो.

विकणाऱ्या वारसांना प्रतिवादी करायचं का, यावर विचार झाला. केलं असतं तर बोरिवली, डोंबिवली, ठाणे अशी समन्सं फिरत राहिली असती, त्यातले एक-दोन दरम्यान वारले असते, मग त्यांचे वारस लावा. भिंत बांधणाराच अडवत होता आणि दाद त्याच्याविरुद्धच मागायची होती, म्हणून एकच प्रतिवादी ठेवला. दिवाणी कामात पक्षकार मोजकेच ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या एकाला पुढे साक्षीला बोलवावं असा विचार होता, पण त्यांनी हात वर केले. ते साहजिकच होतं. 'वाट होती' असं सांगितलं असतं तर खरेदीदाराने 'मग मला का लपवलं' म्हणून त्यांनाच धरलं असतं.

अंतरिम अर्ज आणि कमिशनर

नुसती मनाई मागून उपयोग नव्हता. भिंत उभी होती, ती 'बांधू नका' म्हणून पडत नाही. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली भिंतीचा पाखाडीपुरता भाग काढून गेट उघडं ठेवण्याचा, म्हणजे करायला लावणारा अंतरिम हुकूम मागितला. असा हुकूम सहजी मिळत नाही. दोराब कावसजी वॉर्डन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये कसोटी घालून दिली आहे. नेहमीच्या प्रथमदर्शनी प्रकरणापेक्षा भक्कम प्रकरण हवं, नुकसान पैशाने भरून न येणारं हवं आणि सोय-गैरसोयीचा तोल अर्जदाराकडे झुकलेला हवा. हुकुमाचा हेतू एवढाच, की वादाआधीची शेवटची निर्विवाद स्थिती परत यावी.

एकतर्फी हुकूम न्यायाधीशांनी नाकारला, नोटीस काढली. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली. तिचा गाभा असा : पाखाडी ही आमच्या अंगणातली खासगी पायवाट, वादी शेजारधर्माने जात होत्या, आणि त्यांना खाडीच्या बांधावरून बारमाही पर्यायी वाट आहे. सोबत त्यांनीच आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज दिला. 'कमिशनर पुरावा गोळा करण्यासाठी नसतो' ही ठरलेली हरकत मी घेऊ शकलो असतो. घेतली नाही. पाखाडीच्या झिजलेल्या पायऱ्या त्रयस्थाने पाहणं आमच्या फायद्याचं होतं, आणि त्या उखडल्या जाण्याआधी ते व्हायला हवं होतं.

कमिशनर म्हणून एका वकील सहकाऱ्यांची नेमणूक झाली. त्यांनी सर्वांच्या सोयीची तारीख दिली, वेळ दुपारी बारा. पाहणी नीट झाली, नकाशा झाला, फोटो झाले. पायऱ्या जुन्या व झिजलेल्या असल्याचं त्यांनी लिहिलं. आणि पुढे लिहिलं, 'वादीच्या मिळकतीस खाडीच्या बांधावरून कोरडी, चालण्यायोग्य पर्यायी वाट उपलब्ध आहे.'

त्या दिवशी अष्टमी होती. किनाऱ्यावरच्या पोरालाही हिशेब ठाऊक असतो : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती तर बाराला सुकती. त्यात अष्टमी म्हणजे भांग, लहान भरतीचा दिवस, पाणी मुळात चढतच नाही. कमिशनरसाहेब घाटावरचे. त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. खोटं काहीच नव्हतं, पण कलम १३ चा आमचा आधार त्या एका वाक्याने गेला असता.

पर्याय दोन होते. अहवालावर लेखी हरकत घेऊन युक्तिवादात झोडायचा, किंवा आदेश २६ नियम १० खाली पुढील चौकशी मागायची. अहवाल झोडणं वकिलाला आवडतं, पण त्यातून रेकॉर्डवर काही नवं येत नाही. मी दुसरा अर्ज दिला आणि त्याला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातलं पान जोडलं. मागणी एकच, त्याच कमिशनरांनी पौर्णिमेला, त्याच वेळी, त्याच जागी जावं. समोरच्या वकिलांनी कडाडून विरोध केला. न्यायाधीशांनी तक्ता पाहिला आणि अर्ज मंजूर केला. पौर्णिमेच्या दुपारी बांध पाण्याखाली होता. कमिशनरांचा पूरक अहवाल चारच ओळींचा आला. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला फोटोही जोडला होता, तो मात्र निशाणीला लागला नाही, म्हणजे पुराव्यात आला नाही.

हुकूम आणि त्याची किंमत

एप्रिलच्या मध्यात हुकूम झाला. पाखाडीपुरती भिंत काढावी, गेटला कुलूप लावू नये, वादीने फक्त पायी ये-जा करावी, दाव्याच्या निकालापर्यंत. प्रतिवादीने जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील केलं. स्थगिती मिळाली नाही, पुढे अपील फेटाळलं गेलं. त्यावर हायकोर्टात रिट करण्याचा इशारा आला. तेव्हा त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, आणि निम्मी माणसं त्या प्रवासाच्या धास्तीनेच गप्प होत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचं काम तिथे जातं. आता आंबा घाट चढला की हायकोर्ट. यामुळे इशारे कमी होतील की खऱ्या रिट वाढतील, मला दोन्ही शक्य वाटतात.

हुकूम आमच्या बाजूने झाला तरी सुरुवातीचा आंबा, ज्याला बाजारात खरा भाव असतो, तो काकींनी बांधावरून डोक्यावर आणि भरतीला होडीतून काढला. मजुरी वाढली, काही पेट्या गेल्या. अंतरिम अर्जाला एवढा वेळ का लागतो, असं लोक विचारतात. न्यायाधीश आळशी असतात म्हणून नव्हे. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही एकच व्यक्ती असते. सकाळी रिमांड, मग चेक परत गेल्याच्या केसेस, पोटगीचे अर्ज, फौजदारी साक्षी. दिवाणी फाइल हातात येते तेव्हा दुपारचे चार वाजत आलेले असतात.

उलटतपास

मुद्दे काढले गेले, काकींचं सरतपासाचं, म्हणजे आपल्या बाजूच्या मूळ साक्षीचं, प्रतिज्ञापत्र दाखल झालं. २००२पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. त्याने वेळ वाचतो, पण एक विचित्र गोष्टही होते. प्रतिज्ञापत्र कलमाच्या भाषेत बोलतं : 'निर्वेधपणे, उघडपणे, हक्काने व अखंड.' उलटतपासात साक्षीदार स्वतःच्या भाषेत बोलतो. आमच्या बाबतीत ते असं झालं.

"तुम्ही त्यांच्या अंगणातून जाताना हाक मारून, विचारून जात होता?"

"होय. घरात माणसं असताना विचारल्याशिवाय कसं जायचं?"

टंकलेखकाने लिहिलं, 'हे म्हणणे खरे आहे की, मी विचारून जात असे.' समोरचे वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायची गरजच नव्हती. कोकणातला प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवताना 'आहात काय घरात?' म्हणतो. त्यात परवानगी नसते, रीत असते. पण हे रेकॉर्डवर आणायला फेरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न, लागतो. मी विचारलं, कोणी कधी नाही म्हटलं का? काकी म्हणाल्या, "नाही कोण म्हणणार? वाट सगळ्यांचीच." पहिल्या वाक्याने सावरलं, दुसऱ्याने नवी खिडकी उघडली. सगळ्यांची म्हणजे सार्वजनिक? तसं असेल तर ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत का नाही, आणि दाव्यात तसं का लिहिलं नाही?

आमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोंडी नव्हताच. शेजारच्या तिसऱ्याच ठिकाणाचं जुनं नोंदणीकृत खरेदीखत होतं. त्याच्या चतुःसीमेत पूर्वेला 'वहिवाटीची पाखाडी' असं लिहिलेलं होतं. वादी-प्रतिवादी दोघांशी संबंध नसलेल्या माणसांनी, वाद उद्भवण्याच्या कितीतरी आधी, स्वतःच्या कामासाठी केलेली ती नोंद. वाटेच्या दाव्यात मी आता आधी शेजाऱ्यांचे दस्त शोधतो, अशिलाचे नंतर.

तडजोड

साक्ष संपल्यावर दोन्ही बाजू घाबरलेल्या होत्या, आणि तडजोडीला हीच वेळ बरी असते. आम्हाला 'विचारून' या शब्दाची भीती, त्यांना चतुःसीमेची आणि पौर्णिमेच्या अहवालाची. हुकूमनामा आमच्या बाजूने झाला तर वाट कायमची त्यांच्या खोल्यांच्या दारातून.

प्रस्ताव त्यांच्याकडून आला. मधली पाखाडी सोडा, उत्तरेच्या हद्दीलगत सहा फूट रुंदीची वाट देतो, पायऱ्या आमच्या खर्चाने. मुलगा लगेच तयार झाला. काकी नव्हत्या. त्या पाखाडीने त्या लग्न होऊन आल्या होत्या, आणि नवी वाट चढाला जास्त होती. इथे वकिलाने स्वतःला विचारायचं असतं की अशील कोण. वकीलपत्रावर सही काकींची. मी मुलाला बाहेर बसवलं आणि काकींना एकट्यांना दोन्ही शक्यता सांगितल्या : जिंकलो तर अपील, दुसरं अपील, आणि दर हंगामाला धाकधूक. हरलो तर बांध. त्यांनी दोन दिवस मागितले आणि मग होय म्हणाल्या, एका अटीवर. मध्ये एक टप्पा ठेवायचा, बसायला.

कागद करताना एक अडचण होती. दाव्यात वर्णन जुन्या पाखाडीचं, तडजोडीत जमीन नवी. तडजोडीच्या हुकूमनाम्यात दाव्याच्या विषयाबाहेरची स्थावर मिळकत आली तर नोंदणी अधिनियमाच्या कलम १७(२)(६) ची सूट मिळत नाही. म्हणून नव्या वाटेचा वेगळा दस्त मोजणीच्या नकाशासह दुय्यम निबंधकांकडे नोंदवला, आणि नंतर लोकअदालतीत तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच, आणि त्यावर अपील नाही.

निष्पत्ती, आणि वेगळं काय होऊ शकलं असतं

वाट झाली, टप्पाही झाला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद व्हायला तलाठ्याकडे बऱ्याच खेपा झाल्या, पण झाली. जुनी पाखाडी खरेदीदाराने उखडली नाही, त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत.

भाऊबंद एकमेकांशी बोलत होते तेव्हाच एक साधा नोंदणीकृत संमतीचा दस्त केला असता तर यातलं काही झालं नसतं. पण संबंध चांगले असताना कागद मागणं कोकणात अपमान समजतात, आणि बिघडल्यावर कोणी देत नाही. खरेदीदाराने सर्च रिपोर्टसोबत एक दिवस त्या ठिकाणात नुसतं बसून घालवायला हवा होता. सकाळी सातला काकी दूध आणायला पाखाडीने वर गेल्या असत्या आणि सगळं कळलं असतं. कोर्टाच्या बाजूने, कमिशनर पहिल्याच तारखेला नेमला गेला असता तर हुकूम आंबा उतरण्याआधी होऊ शकला असता. खाडीकाठच्या कामात कमिशनरच्या अर्जात तारखेसोबत भरतीची वेळही मागावी, हे मी आता ठरवूनच टाकलं आहे. साक्षीदाराला घोटून उत्तरं शिकवू नयेत, पण 'विचारून' म्हणजे काय, हे त्याच्या शब्दांत प्रतिज्ञापत्रातच आणता येतं. तसं केलं की उलटतपासातला तो प्रश्न बोथट होतो.

दस्तात वाट 'पायी व दुचाकीने जाण्यायेण्यासाठी' आहे. वाटेखालून नळाची पाइप नेण्याचं कलम आम्ही मागितलं होतं, त्यांनी नाकारलं, आणि हंगाम तोंडावर असल्याने काकींनी ते सोडलं. आता मुलगा गावी परत येऊन राहणार आहे आणि त्याला पाइप हवी आहे. खरेदीदार म्हणतो, 'आधी बसून बोलू.' या वेळी अजून कोणी नोटीस पाठवलेली नाही.